मिलिग्रामराव आणि मिठाची रेघ

खोकं जुनं होतं आणि त्याला मारलेले खिळे नवे होते. एवढ्यावरूनच मिलिग्रामरावांनी ओळखलं, की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. वास्तविक मुख्य कार्यालयाने स्वतःचा वापरून झालेला स्पेक्ट्रोग्राफ त्यांच्या शाखेला पाठवला होता, पाठवण्यापूर्वी एकदा उघडून पाहिला होता, आणि पुन्हा बंद करताना नवे खिळे ठोकले होते. सोबतच्या चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहिलंही होतं. पण कोणी विचारायच्या आत खुलासा करून टाकणं ही तर नव्या खिळ्यांहून संशयास्पद गोष्ट. न विचारता खुलासा कोण करतो, हे मिलिग्रामरावांना दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

मिलिग्रामराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेत पाठीमागे सगळे त्यांना असं म्हणत. आणि म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, कारण पाठीमागे काय बोललं जातं यावर लक्ष ठेवणं हा त्यांचा दुसरा व्यवसाय होता. पहिला व्यवसाय तराजूचा. काचेच्या पेटीतला तो नाजूक तराजू ते इतकी वर्षं सांभाळत होते, की त्या खोलीत आधी तराजू आला की मिलिग्रामराव, यावर नव्या लोकांत पैजा लागत. वजन करताना ते स्वतः श्वास रोखत आणि खोलीतल्या इतरांनाही रोखायला लावत. एकदा मोठे साहेब काही विचारायला आले तर त्यांनाही त्यांनी बोटाने थांबवलं होतं. साहेब ते विसरले नव्हते असं मिलिग्रामरावांचं मत होतं.

त्याच साहेबांनी त्यांना बोलावून खोकं दाखवलं.

"तराजू पुष्कळ झाला," साहेब म्हणाले. "विजेच्या खांबांवर तारा अडकवायच्या त्या चिनी मातीच्या वाट्या असतात ना, त्यांची पांढरी पूड आता आपल्याकडे तपासायला येणार आहे. त्यात सोडियम निघालं, म्हणजे मीठच म्हणा ना, तर वाटी विजेला थोपवत नाही. यंत्र लावा, चालवून दाखवा. तपासनीस येतील. त्यांनी पसंत केलं तर यंत्र आपलं, आणि तुम्ही यंत्राचे प्रमुख."

"आणि नाही केलं तर?"

"तर यंत्र दुसऱ्या शाखेत जाईल."

"आणि मी?"

"तुम्हाला काय, तराजू आहेच की."

हे 'तराजू आहेच की' मिलिग्रामरावांना फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कशाचं तरी प्रमुख व्हायची संधी आली होती, आणि ती देतानाच साहेबांनी परतीचं दार उघडून ठेवलं होतं. घरी जाऊन त्यांनी बायकोला यातला अर्धाच भाग सांगितला. 'प्रमुख झालो' एवढाच. बायकोने तो समोरच्या नर्सबाईंना सांगितला, नर्सबाईंनी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना सांगितला, आणि पोस्टमास्तरांच्या हाती पडलेली गोष्ट पत्त्यावर पोचल्याशिवाय राहत नसे. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटेल तो अभिनंदन करू लागला. आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

यंत्र मात्र मिलिग्रामरावांना पाहताक्षणी आवडलं. त्याचं काम अगदी सरळ होतं. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, खालच्या कांडीच्या खळग्यात चिमूटभर पूड घालायची आणि वीज सोडायची. मग डोळे दिपवणारी ज्योत पेटते. तिचा उजेड एका बारीक फटीतून आत शिरतो, काचेच्या लोलकातून फाकतो आणि पलीकडच्या फोटोच्या प्लेटवर रेघारेघांनी उमटतो. प्रत्येक पदार्थाच्या रेघा ठरलेल्या, त्यांच्या जागाही ठरलेल्या. लोखंड असेल तर लोखंडाच्या जागी, तांबं असेल तर तांब्याच्या जागी. कोणी कितीही साळसूदपणे पुडीत लपून बसलेलं असो, जाळलं की त्याची रेघ दिसलीच पाहिजे. दुसऱ्याच्या सांगण्यावर काडीचा विश्वास न ठेवणारं असं यंत्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आपल्या स्वभावाचं या जगात कोणीतरी आहे, हे पाहून त्यांना भरून आलं.

मदतीला त्यांना एक कनिष्ठ सहायक मिळाला. तो काम करताना सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. मिलिग्रामरावांना शिट्टी वाजवणाऱ्या माणसांचा मुळातच संशय. ज्याच्या मनात काही नाही तो गप्प बसेल, शिट्टी कशाला वाजवेल? शिवाय हा खारे शेंगदाणे खायचा. शेंगदाणे खाताना शिट्टी वाजवता येत नाही, म्हणून एक थांबलं की दुसरं सुरू व्हायचं. अशा माणसाला आपल्या हाताखाली कोणी आणि का दिलं असावं, यावर मिलिग्रामरावांनी बराच विचार केला आणि त्यांचा संशय दुसऱ्या शाखेपर्यंत जाऊन पोचला.

यंत्राला खोली मिळाली ती बिनखिडकीची. शेजारची मोडकी न्हाणी प्लेटा धुवायला मिळाली. न्हाणीत प्लेट धुवायची तर अंधार हवा, अंधार हवा तर दाराला काळा पडदा हवा, आणि पडदा हवा तर भांडारपालाकडे जायला हवं. भांडारपालाने चष्मा लावला.

"खिडकी किती रुंद?"

"खिडकी नाही."

"मग पडदा कशाला?"

"दाराला."

"दाराला पडदा फक्त साहेबांना मिळतो. खिडकीला कोणालाही मिळतो."

"पण खिडकीच नाही."

"तेच म्हणतोय मी. आधी बांधकाम खात्याकडून खिडकी पाडून घ्या. खिडकी झाली की मी पडदा देतो."

"अंधारासाठी खिडकी पाडायची?"

"ते तुमचं शास्त्र. माझं भांडार आहे."

शेवटी शिट्टीने घरातल्या तीन जुन्या छत्र्यांचं कापड उसवून त्याचा पडदा शिवून आणला. पडदा झकास झाला. पण एका माणसाच्या घरी तीन छत्र्या कशा, या प्रश्नाने मिलिग्रामरावांना दोन दिवस चैन पडलं नाही. भांडारपालालाही पडलं नाही. त्याने येऊन 'कार्यालयाच्या दारावर खासगी छत्र्या' अशी हरकत नोंदवली आणि साहेबांनी ती फाइलीत लावली.

बाकी यंत्र जुळवणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा. ज्योत फटीच्या बरोबर समोर हवी. ती समोर आणावी तर बाहेरच्या बोळातून हातगाडी जाई, टेबल थरथरे, आणि ज्योत बाजूला सरके. पंखा लावला की ज्योत नाचू लागे, म्हणून पंखा बंद. उन्हाळ्याचे दिवस, खोलीला खिडकी नाही, आत विजेची ज्योत. मिलिग्रामराव घामाने निथळत, पण अंगावरचा कोट काढत नसत. प्रमुखाने सदऱ्यावर काम करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शिट्टी बापडा टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे सरकवत राही. कांड्यांना हात लावायचा नाही, चिमट्यानेच उचलायच्या, असा नियम मिलिग्रामरावांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर चिकटवला होता.

आणि एकदाची पहिली प्लेट निघाली. आधी पूड न घालता नुसत्या कांड्या जाळून पाहायच्या असतात. मुळात कांड्याच स्वच्छ आहेत, हे त्यातून कळतं. तपासनीसही हेच पाहणार होते. मिलिग्रामरावांनी ओली प्लेट उजेडात धरली. सोडियमची जोडरेघ जिथे यायची ती जागा कोरी करकरीत होती. त्यांनी साहेबांना बोलावलं.

"यात काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, काहीच दिसत नाही, हेच तर दिसायला हवं."

साहेबांनी मान हलवली आणि ते गेले. मिलिग्रामराव त्या दिवशी शिट्टीशीही दोन शब्द गोड बोलले.

हा गोडवा संध्याकाळपर्यंत टिकला. कपाट बंद करताना त्यांनी सवयीने कांड्या मोजल्या, तर एक जोडी कमी. पुन्हा मोजल्या, तरी कमी. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना गोळा केलं.

"या खोलीत चोर आहे," ते म्हणाले. "मी कोणाचं नाव घेत नाही. ज्याने केलं त्याला ऐकू येतंय."

नेमकी त्याच क्षणी शिट्टीची शिट्टी अर्ध्यात तुटली. मिलिग्रामरावांनी ते मनात टिपून ठेवलं. कांडी ती काय, चोरून कोणी काय करणार? चूल पेटवणार? छे. हे यंत्र बंद पाडायचं कारस्थान होतं, आणि शिट्टी तुटली तिथेच ते उघडं पडलं होतं.

त्याच दिवसापासून त्यांनी कपाटावरचा विश्वास सोडला. बायकोला सांगून त्यांनी बनियनला आतून, छातीवर, एक खिसा शिवून घेतला. चार बनियनना चार खिसे. संध्याकाळी कांड्या चिमट्याने उचलायच्या, धुतलेल्या रुमालात गुंडाळायच्या, खिशात घालायच्या आणि वरून कोटाची बटणं लावायची. रात्रीही तो खिसा अंगावरच. प्रयोगशाळेत ज्योत पेटवायची वेळ आली की पुन्हा चिमट्यानेच बाहेर काढायच्या. आता कोणाची टाप होती हात लावायची?

बायकोने खिसे शिवून दिले, पण कशासाठी ते तिला कळेना. विचारलं तर मिलिग्रामराव म्हणाले, "ऑफिसचं आहे." अशी दोन शब्दांची उत्तरं नवरा कधी देतो, याचा विचार कोणतीही बायको करते तसा तिनेही केला.

आणि मग दुसरी प्लेट निघाली. सोडियमच्या जागी जोडरेघ उभी होती, ठसठशीत, जणू आमंत्रण देऊन बोलावलेली. मिलिग्रामरावांनी रुमालातल्या दुसऱ्या कांड्या लावल्या, टोकं नव्याने तासली, ज्योत जास्त वेळ जाळली. रेघ पुन्हा आली. तिसऱ्या प्लेटला आली, दहाव्या प्लेटला आली. पहिल्या दिवशी जी नव्हती ती आता आहे, म्हणजे मधल्या काळात कोणीतरी मीठ टाकतंय, हा हिशेब तिसरीतल्या पोरालाही कळला असता. प्रश्न एवढाच होता, की कोण.

मिलिग्रामरावांनी कंबर कसली. आधी शिट्टीचे खारे शेंगदाणे जप्त झाले. मग खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला बादलीत हात धुवायला लावलं. मग त्या बादलीच्या पाण्याचाच संशय आला आणि बादली गेली. फरशी पुसायला बंदी झाली. भांडारपाल एकदा दारात उभा राहून शिंकला, तर त्याला बाहेर काढून दार धुतलं. कोणी हसलं की का हसला, आणि नाही हसलं की का नाही हसला, हे दोन्ही ते टिपून ठेवत. साहेबांनी विचारलं, "कुठवर आलं?" तर त्यांनी दार लावून हलक्या आवाजात सांगितलं, "आपल्यातच कोणीतरी आहे, साहेब." साहेब उगाचच खुर्चीत सावरून बसले.

शिट्टीने एकदा धीर करून तोंड उघडलं. "सर, एक बोलायचं होतं. त्या पहिल्या दिवशी..."

"पहिल्या दिवसाचं मला सगळं माहीत आहे," मिलिग्रामराव म्हणाले. "वेळ आली की बोलेन."

शिट्टीने तोंड मिटलं. शेंगदाणे गेले होते, आता शिट्टीही बंद झाली. माणूस शांत झाला याचा मिलिग्रामरावांना आनंद व्हायला हवा होता. पण आता शांत का झाला, हा नवाच प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला.

मग त्यांच्या मनात आलं, की मीठ आपल्याच घरून तर येत नसेल? डब्यातून, बोटांतून, श्वासातून? त्या दिवसापासून त्यांनी घरचं मीठ बंद केलं.

"भाजी अळणी कर. सगळ्यांचीच."

"का? डॉक्टरांनी सांगितलं?"

"ऑफिसचं आहे."

बायकोने ऑफिसमुळे बंद झालेलं मीठ आजवर ऐकलं नव्हतं. तिने समोरच्या नर्सबाईंना विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "रक्तदाब. लपवतायत तुमच्यापासून. पुरुष लपवतातच." पोस्टमास्तरांनी मूत्रपिंडाचं निदान केलं. त्यांच्या एका मेहुण्याची सुरुवात अशीच अळणी भाजीने झाली होती, आणि शेवट कसा झाला ते त्यांनी जिन्यात उभं राहून सविस्तर सांगितलं. या घरात मीठ बंद झालं, पण इमारतीत त्या गोष्टीला प्रत्येक मजल्यावर तिखटमीठ लागत गेलं. लोक भेटायला येऊ लागले. खुर्चीच्या कडेवर बसून, आवाज उतरवून विचारू लागले, "झोप लागते ना?" कोणी सफरचंदं आणली, कोणी मोसंबी. मिलिग्रामराव म्हणाले, "मला काहीही झालेलं नाही," तेव्हा पाहुण्यांनी बायकोकडे पाहून हळूच मान हलवली. आपण ठणठणीत आहोत हे आपल्याच घरात कोणाला पटवता येऊ नये, यासारखा दुसरा अपमान नाही.

पोस्टमास्तर तेवढे दुसऱ्यांदा आले ते वेगळा सल्ला घेऊन. "खरं सांगू? तुमच्यावर कोणीतरी पाळत ठेवून आहे." मिलिग्रामरावांनी प्रथमच कोणाला तरी आग्रह करून सफरचंद कापून दिलं.

पाळत खरोखरच होती. ती बायकोची होती. बनियन धुताना तिला छातीवर, खिशाच्या जागी, दोन काळ्या रेघा दिसल्या. साबणाने गेल्या नाहीत. दुसऱ्या बनियनवर पुन्हा तशाच. काळं, मऊ, बोटाला लागणारं. तिने बोट नर्सबाईंना दाखवलं. नर्सबाईंनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "काजळ दिसतंय हो." मग दोघींनी मिळून एकेक गोष्ट जुळवली. छातीवरचा खिसा, त्यात काय ते सांगायचं नाही, रात्रीही काढायचा नाही, अचानक तब्येतीची काळजी, रोज उशीर, आणि आता छातीवर काजळ. संशयाच्या बाबतीत मिलिग्रामरावांना आपली बायको साधी वाटे. पण इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर माणूस काहीतरी शिकतोच.

ती फक्त रात्री पाठ करून झोपू लागली. मिलिग्रामरावांना वाटलं, अळणी जेवणाने वैतागली असेल. खरं म्हणजे तिला रडू येत होतं, आणि या वयात कशासाठी रडायचं याचीही तिला लाज वाटत होती.

अखेर तपासनीस यायचा दिवस उजाडला. सव्वा महिन्यात एकही स्वच्छ प्लेट निघाली नव्हती. घाईत मिलिग्रामराव डबा घरीच विसरले. बायकोने तो टेबलावर पाहिला. आधी तिला वाटलं, राहू दे. मग वाटलं, जाऊन एकदा डोळ्यांनीच बघावं. तिने चांगलं लुगडं नेसलं आणि डबा उचलला.

तपासनीस म्हणजे एक पोक्त बाई होत्या. केस आवळून बांधलेले, आवाज हळू, बोलणं मोजकं. त्यांनी यंत्र पाहिलं, फट पाहिली, छत्र्यांच्या पडद्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पडदा छान." मिलिग्रामरावांनी कोटाचं बटण काढलं, आत हात घातला, रुमाल बाहेर काढला आणि चिमट्याने कांड्या लावल्या. ज्योत पेटली. साहेब, शिट्टी, भांडारपाल सगळे काळे चष्मे लावून भिंतीला चिकटून उभे होते. घामाच्या धारा लागल्या होत्या. प्लेट न्हाणीत गेली, धुतली गेली आणि उजेडात आली.

जोडरेघ होती. आजवरच्या सगळ्या प्लेटांपेक्षा ठळक.

साहेबांनी सुस्कारा सोडला. भांडारपालाने चष्मा काढून पुसला. मिलिग्रामरावांच्या डोळ्यांसमोर तराजूची काचेची पेटी उभी राहिली. तेवढ्यात बायको डबा घेऊन दारात आली. ती तिथेच उभी राहिली आणि खोलीतल्या एकुलत्या एका बाईकडे एकटक बघू लागली. मिलिग्रामरावांना ती दिसलीच नाही. त्यांचा बांध फुटला होता.

"बाई, हा घातपात आहे," ते म्हणाले. "इथला एक माणूस या यंत्रात मीठ टाकतो. पहिल्या दिवशी प्लेट स्वच्छ होती, साहेब साक्षीला आहेत. त्याच संध्याकाळी कांड्यांची एक जोडी चोरीला गेली. तेव्हापासून हे चाललंय."

"कांड्या कोणी हाताळतं?" बाईंनी विचारलं.

"कोणीही नाही."

"कपाटाची किल्ली कोणाकडे?"

"कपाटात त्या नसतातच. मी इतका खुळा नाही. गेला सव्वा महिना या कांड्या माझ्या छातीपासून दूर झालेल्या नाहीत. दिवसा नाही, रात्री नाही. झोपतानासुद्धा. इथे, बनियनच्या आत, कातडीला लागून. माझ्याशिवाय त्यांना वारासुद्धा लागलेला नाही."

 तपासनीस बाईंनी छताकडे पाहिलं.

"पंखा नाही लावत?"

"ज्योत हलते," मिलिग्रामराव म्हणाले.

बाईंनी त्यांच्या कोटाकडे पाहिलं. काखेखाली आणि छातीवर, वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या कडा एकावर एक चढल्या होत्या. मिलिग्रामरावांनी त्यांच्या नजरेमागे स्वतःची नजर नेली आणि त्या कडा पाहिल्या. मग आपणच आत्ता काय बोललो, ते त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं. हातातला ओला रुमाल त्यांनी टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला आणि कुठे ठेवावा ते कळेना म्हणून तसाच धरून राहिले.

"कार्बन पाणी ओढून घेतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "घामही. मीठ कोणी आणून टाकावं लागत नाही, ते माणसाबरोबर येतंच."

"म्हणजे ते काळं," दारातून बायकोचा आवाज आला, "बनियनवरचं काळं या कांड्यांचं होतं?"

सगळे वळले. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"काखेत कळसा म्हणतात तो हाच का?" ती म्हणाली.

"काखेत नाही वहिनी, छातीशी," शिट्टी म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "तुमच्याकडे दुसऱ्या कांड्या आहेत का? अंगावर न घातलेल्या?"

नव्हत्या. उरल्यासुरल्या सगळ्या कांड्या मिलिग्रामरावांनी छातीशी बाळगल्या होत्या. आपल्या हाताने त्यांनी एकूण एक कांडी खारवली होती. त्यांनी नकारार्थी मान हलवली. यंत्र गेलंच होतं, आणि ते कोणी घालवलं हे आता शोधायची गरज नव्हती.

तेव्हा शिट्टी आपल्या टेबलाकडे गेला. त्याने खण उघडला आणि बूच लावलेली एक काचेची नळी आणून यंत्रापाशी ठेवली. आत कांड्यांची एक जोडी होती.

"हीच ती," तो खाली मान घालून म्हणाला. "पहिल्या दिवशी पकडीत नीट बसतात का बघायला घेतली होती. चिमट्यानेच. संध्याकाळी ठेवायला आलो तर तुम्ही चोर चोर म्हणत होता. मग कसा ठेवणार? नंतर सांगायला आलो, तर म्हणालात, सगळं माहीत आहे."

मिलिग्रामराव त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांचा संशय अगदी खरा होता. कांड्या यानेच घेतल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा अचूक ठरलेला हा पहिलाच संशय, आणि त्याचा आनंद काही केल्या होईना.

"तुम्ही लावा, सर," शिट्टी म्हणाला.

"नको," मिलिग्रामराव म्हणाले. "मला घाम येतो. तू लाव."

शिट्टीने कांड्या लावल्या. मिलिग्रामराव दारापाशी, बायकोशेजारी जाऊन उभे राहिले. प्लेट आली. सोडियमची जागा कोरी होती. साहेब वाकून म्हणाले, "यात काहीच दिसत नाही," आणि यावेळी स्वतःच खुश झाले. बाईंनी कागदावर सही केली. बिघाडाचं कारण या रकान्यापाशी त्यांचं पेन थोडं थांबलं. मग त्यांनी 'हवेतील दमटपणा' असं लिहिलं आणि कागद मिलिग्रामरावांकडे दिला. "प्रमुखांची सही इथे," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी निघताना मिलिग्रामरावांनी कपाटाची किल्ली काढली आणि शिट्टीच्या टेबलावर ठेवली.  बोलायचं पुष्कळ होतं, पण माफी मागायची सवय नसल्यामुळे शब्द सुचेनात. शेवटी त्यांनी कोटाच्या खिशातून जप्त केलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढली आणि किल्लीशेजारी ठेवली. ते फाटकापर्यंत गेले, परत आले, कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, आणि ओढताना कोणी पाहिलं का तेही पाहिलं. शिट्टीने पाहिलं होतं. तो मान वळवून शिट्टी वाजवू लागला.

घरी आल्यावर बायकोने चारही बनियन घेतले आणि खिशांचे टाके एकेक करून उसवले. मिलिग्रामराव समोर बसून पाहत होते. छातीवर हात गेला की तिथे काही नसे आणि ते दचकत.

"आज भाजीत मीठ घाल," ते म्हणाले.

तिने घातलं. सव्वा महिन्याचं राहिलेलं सगळं एकदम घातलं की काय कोण जाणे. पहिल्याच घासाला मिलिग्रामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजी तोंडात धरवत नव्हती. मुद्दाम केलं असेल का? काजळाचा राग अजून असेल का? की नर्सबाईंनी शिकवलं असेल? प्रश्न ओठांपर्यंत आला. त्यांनी तो पाण्याबरोबर गिळला, पुढचा घास घेतला, मग त्याच्या पुढचा, आणि ताट स्वच्छ केलं.

बायको हातातली वाटी तशीच धरून त्यांच्याकडे निरखून बघत होती.

"इतकं गुपचूप जेवलात," ती म्हणाली. "काय लपवताय?"